क्रिमिनल जस्टिस: दोन वर्षांची डिग्री की थेट चार वर्षांची?

मामाने आमच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज भरला, त्यानंतर कित्येक वर्षांनी आमचा नंबर लागला आणि सोळाव्या वर्षी मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये येऊन दाखल झालो. हायस्कूल संपताना घरात सरळ हिशेब झाला: क्रिमिनल जस्टिस, म्हणजे पोलिस-कोर्ट-तुरुंग यांचा विषय, घ्यायचा आहे आणि कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजात) दोन वर्षांत डिग्री मिळतेय, तर चार वर्षांची फी कशाला भरायची? मी मान डोलावली. आज एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) प्रोबेशन खात्यात, म्हणजे तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्या खात्यात, नोकरी करतो. ओळखीतल्या कुणाचं पोर या वळणावर आलं की आईबाप फोन करतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

आधी पैसे, कारण चूक तिथेच होते. क्युनीच्या, म्हणजे शहराच्या सरकारी विद्यापीठाच्या, कम्युनिटी कॉलेजात स्थानिक विद्यार्थ्याची ट्युशन वर्षाला ४,८०० डॉलर. त्याच विद्यापीठाच्या जॉन जे कॉलेजात, जे याच विषयासाठी ओळखलं जातं, ६,९३० डॉलर. पालक ९,६०० आणि २७,७२० हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि खूश होतात. पण पुढे बॅचलर्स, म्हणजे चार वर्षांची डिग्री, करायचीच असेल, तर दोन अधिक दोन वर्षांचे होतात २३,४६०. वाचले ४,२६०. घरचं उत्पन्न कमी असेल आणि पूर्ण पेल ग्रँट (केंद्र सरकारची परत न करायची मदत, वर्षाला ७,३९५ डॉलर) मिळत असेल, तर दोन्हीकडची ट्युशन त्यातच भागते, मग स्वस्त-महाग हा मुद्दाच उरत नाही. एच-४वर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलांना मात्र पेल नाही. त्यांच्यासाठी ते ४,२६० खरे.

नोकरीचं म्हणाल तर न्यूयॉर्क पोलिसांत जायला पूर्वी ६० क्रेडिट लागायची, म्हणजे साधारण ही अख्खी डिग्री. २०२५मध्ये ती अट २४ वर आली. वर वय २१ पूर्ण हवं आणि अमेरिकेचं नागरिकत्व हवं. आपल्यातल्या बऱ्याच घरांत गाडी या शेवटच्या अटीपाशीच अडते; माझीही अडली होती. ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढल्याशिवाय अर्ज करता येत नव्हता आणि डिग्री तर विसाव्या वर्षीच हातात. उलट एफबीआयचा स्पेशल एजंट व्हायचं किंवा माझ्यासारखं प्रोबेशनमध्ये शिरायचं, तर बॅचलर्सशिवाय दारात उभं करत नाहीत. म्हणजे दोन वर्षांची डिग्री पोलिसांसाठी गरजेपेक्षा जास्त आणि बाकीच्यांसाठी अपुरी.

तरी एवढ्यावरून मी कुणाला नको म्हटलं नसतं. माझं मन फिरलं ते एका अक्षरामुळे.

असोसिएट डिग्री, म्हणजे ही दोन वर्षांची डिग्री, या विषयात मुख्यतः दोन तऱ्हेची असते. 'ए.एस.' ही पुढे शिकण्यासाठी, 'ए.ए.एस.' ही थेट नोकरीसाठी. मधला तो जादा 'ए' म्हणजे अप्लाइड. मी ए.ए.एस. केली, कारण तिच्यात गुन्ह्याच्या जागेचा तपास, गस्त, रिपोर्ट लिहिणं असले विषय होते आणि अठराव्या वर्षी तेच भारी वाटतं. कॉलेजचं नाव घेत नाही. त्यांनी खोटं काही सांगितलं नाही, फक्त मी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. चार वर्षांच्या कॉलेजात गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी माझी ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रिका) पेन्सिलीने टिकमार्क करत वाचली. ६० पैकी १८ क्रेडिटसमोर टिक नव्हती. 'ही घेतली आहेत, पण डिग्रीत धरली जाणार नाहीत,' असं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. आपल्याकडच्या सरकारी कचेरीत 'अर्ज घेतलाय, पण त्यावर काही होणार नाही' म्हणतात, त्यातलाच प्रकार. गस्तीच्या त्या विषयात मला ए होता!

अठरा क्रेडिट म्हणजे एक अख्खं सेमिस्टर. आजच्या दराने ट्युशनच ३,४६५ डॉलर. वर पुस्तकं, आणि सहा महिने उशिरा सुरू झालेला पगार. वाचवलेले ४,२६० कुठे गेले ते वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांच्या कॉलेजने मला काही दिलंच नाही असंही नाही. वर्ग लहान होते. संध्याकाळची लेक्चरं असल्याने दिवसा दुकानात काम करता यायचं. निवृत्त डिटेक्टिव्ह शिकवायला होते, त्यांनी माझं लेखी इंग्रजी अक्षरशः ठोकून सरळ केलं. वर्गातली एक मुलगी वर्षभरात कंटाळून नर्सिंगला गेली. चार वर्षांच्या कॉलेजात तिचं नुकसान बहुधा जास्त झालं असतं. त्यामुळे मुलाचं मन अजून डळमळत असेल, घर चालवायला हातभार लावायचा असेल, तर कम्युनिटी कॉलेज वाईट नाही. फक्त ए.एस.च घ्या, आणि ती जॉन जेशी जोडलेली घ्या. क्युनी जस्टिस अकॅडमी नावाची सोय आहे, तिच्यात कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं पुढच्या बॅचलर्सच्या हिशेबानेच आखलेली असतात. दुसऱ्या राज्यात असाल तर ज्या चार वर्षांच्या कॉलेजात पुढे जायचंय, तिथूनच कोणती क्रेडिट डिग्रीत धरणार ते लेखी मागवा. 'घेतो' आणि 'डिग्रीत धरतो' यांतला फरक विचारून घ्या.

मुलाचं ठरलेलं असेल, तर मात्र मला विचाराल तर चार हजारांसाठी मी ती जोखीम पुन्हा घेणार नाही. मावसभावाच्या मुलीने गेल्या वर्षी थेट जॉन जेचा फॉर्म भरला. मी फक्त सबवेचा रस्ता सांगितला.