पुण्यात आणि गुहागरात तीच रोपं: दीड वर्षानंतरचा अनुभव

मागच्या वर्षी जूनमध्ये एकाच नर्सरीतून सगळं जोडीनं घेतलं. लोंबत्या फुलांचा हेलिकोनिया, क्रोटन, एक्झोरा, ट्रॅव्हलर्स पाम आणि बायकोच्या हट्टाखातर लाल देठांचा लिपस्टिक पाम. एकेक रोप पुण्याच्या अंगणात, एकेक गुहागरच्या आगरात.

आधी लिपस्टिक पाम, कारण खिसा त्यानंच कापला. एक रोप १,८०० रुपयांना. "साहेब, कुठंही लागतो," असं नर्सरीवाला म्हणाला होता. हा मुळात मलेशिया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतला. पुण्यात डिसेंबरात पारा १० च्या खाली गेला आणि आठवडाभरात मधला कोंब काळा पडला. ओढला तर हातात आला. गुहागरात शिंपण्याच्या पाटाकडेला लावलेला मात्र मजेत आहे.

घेण्याआधी मी अमेरिकी कृषी खात्याचे झोन वाचून शहाणा झालो होतो. पुण्याची थंडी त्यांच्या ११ व्या झोनात बसेल, म्हणजे वर्षातली सगळ्यात गार रात्र साधारण ४.४ ते १० अंशांची. हेलिकोनियाला हे चालतं, आणि थंडी त्यानं काढलीही. पण झोन फक्त गारठा मोजतो, एप्रिलची दुपार नाही. दोन वेळा पाणी घालूनही पानांच्या कडा पापडासारख्या करपल्या. मुळांशी ओल होती, हवेत नव्हती. शेवटी आंब्याच्या पूर्वेला हलवला, बुंध्याशी वीतभर पालापाचोळा टाकला, तेव्हा कुठं ऑगस्टमध्ये पहिलं फूल आलं. गुहागरात उलटी तक्रार: कंद पसरत पसरत अळूच्या वाफ्यात घुसला. आता मध्ये पत्रा पुरलाय. आणि हो, एक दांडा एकदाच फुलतो. फूल संपलं की तो जमिनीलगत कापायचा, हे मला चार महिने माहीत नव्हतं.

एक्झोऱ्याची पानं पुण्यात पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची माती, त्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) फवारलं की नवी पानं हिरवी येतात, महिन्याभरात पुन्हा तेच. तिकडे जांभ्याच्या आंबट मातीत कुणी ढुंकूनही बघत नाही तरी लालभडक.

क्रोटन दोन्हीकडे छान. सावलीत रंग उतरतो, पुण्यात उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण येतो, बाकी काही नाही.

ट्रॅव्हलर्स पाम (खरं तर पामच नव्हे, बर्ड ऑफ पॅराडाइज या फुलझाडाचा भाऊबंद) समुद्राच्या वाऱ्यानं फाटून खराट्यासारखा झालाय. पुण्यात भिंतीच्या आडोशाला बरा दिसतो, पण लहान अंगणात लावूच नका.

लिपस्टिक पामच्या रिकाम्या खड्ड्यात या जूनमध्ये शेजारच्या काकूंनी सोनटक्क्याचा कंद लावून दिला. फुकट. गणपतीत फुलला.