मॉरिशसमधील एका दिवसाची सहल

पोर्ट लुईतील एका स्थानिक संस्थेची मार्गदर्शित सहल आम्ही घेतली आणि ती मनापासून आवडली. करारबद्ध मजूर ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून बेटावर आले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. तेथे मार्गदर्शक ताईंनी कोकणातून आलेल्या मराठी कुटुंबांविषयी सांगितले, तेव्हा माझा हात नकळत त्या झिजलेल्या दगडावर टेकला. चिनी वस्तीतली जुम्मा मशीद पाहून मंडईत खाल्लेली डाळपुरी, चण्याच्या डाळीचे सारण भरलेली, मोठ्या वालाचा रस्सा लावून कागदात गुंडाळलेली, थेट पुरणपोळीच्या घरची वाटली. मात्र शामारेलच्या सप्तरंगी मातीसाठी जेमतेम वीस मिनिटे दिली, हे फार खटकले. बेसाल्ट झिजून उरलेल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे ते तांबडे-जांभळे उंचवटे बदलत्या उन्हात निवांत पाहायला हवेत.