घोड्यांचं ‘वादळ पॅकेज’ घेताय? आधी बाटली, वजन आणि पावती बघा

एप्रिल सरत आला की अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडकडच्या घोडेवाल्यांना फोन यायला लागतात. ‘मान्सूनपूर्व आरोग्य आणि वादळ सुरक्षा पॅकेज’. घोड्यामागे साडेचार हजार रुपये आणि त्यात सगळं: लस, जंताचं औषध, ग्लँडर्स हा संसर्गजन्य रोग नसल्याचा दाखला, मायक्रोचिप, विमा, वर खाद्याची एक गोणी फुकट. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने याच किनाऱ्यावर पत्रे उडवले आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते बाजूने घासून गेलं. त्यामुळे भीती खरी आहे, आणि विकणाऱ्याला ती आयती मिळते. इथल्या काही मालकांनी हे पॅकेज घेतलं. त्यांच्या हाती काय पडलं आणि ते कुठे पकडता आलं असतं, ते खाली लिहितो आहोत.

सुरुवात लसीपासून. लस टोचायला आलेल्या माणसाकडे थर्माकोलचा डबा, त्यात फोडलेला बर्फ आणि बर्फात रुतवलेल्या सिरिंजा. सिरिंजा आधीच भरलेल्या, बाटली एकही नाही. खरं तर इथेच त्याला परत पाठवायला हवं होतं. लसीची बाटली तुमच्या डोळ्यांसमोर उघडली पाहिजे आणि बॅच नंबर, मुदत, कंपनीचं नाव यांचा मोबाइलवर फोटो काढता आला पाहिजे. दुसरी गोष्ट बर्फाची. धनुर्वाताची लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. ती बर्फाला चिकटून गोठली की तिच्यातला ॲल्युमिनियमचा घटक गुठळतो आणि लस निकामी होते. मग ती घोड्याला टोचली काय आणि गटारात ओतली काय, सारखंच. ओळखायचं असेल तर बाटली हलवून सरळ उभी ठेवा. चांगली लस बराच वेळ एकसारखी दुधाळ दिसते. गोठून विरघळलेल्या लसीत कण दिसतात, ते भराभर तळाशी बसतात आणि वर पाणी सुटतं.

बऱ्याच घोड्यांना तर लस दिलीच नव्हती. कार्डावर ‘धनुर्वात इंजेक्शन’ एवढंच लिहिलेलं. धनुर्वाताची दोन वेगळी इंजेक्शनं असतात. टॉक्सॉइड म्हणजे लस. घोड्याला ती पहिल्यांदाच देत असाल तर चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, नंतर दरवर्षी एक. अँटिटॉक्सिन म्हणजे तयार प्रतिपिंडं. ती जखम झाल्यावर, लस न झालेल्या घोड्याला द्यायची, आणि तिचा आधार दोन-तीन आठवड्यांपुरताच. मे महिन्यात निरोगी घोड्याला अँटिटॉक्सिन टोचलं की जूनच्या मध्यापर्यंत ते संपतं. शिवाय क्वचित काही घोड्यांना त्यानंतर काही आठवड्यांनी यकृताचा गंभीर आजार होतो, म्हणून ते विनाकारण देऊ नये. वादळात पत्रा आणि खिळे लागतात, जखमा मातीने माखतात आणि घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. म्हणून पहिला डोस मार्चमध्ये आणि दुसरा एप्रिलमध्ये. वादळाचा इशारा आल्यावर दिलेली लस त्या वादळात कामाला येत नाही.

कार्डावर आणखी गमती होत्या. खुरकूत, घटसर्प, लम्पी अशा नोंदी, प्रत्येकीपुढे शिक्का आणि वेगळे पैसे. खुरकूत हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग. घोड्याचं खूर अखंड, त्याला खुरकूत होतच नाही. लम्पी गुरांचा. घटसर्पाची लस गाईम्हशींसाठी. गोठ्यातल्या गाईचं कार्ड उचलून घोड्याला चिकटवलेलं, इतकं सरळ. त्याहून धीट नोंद म्हणजे ‘सर्रा लस’ आणि ‘ग्लँडर्स लस’. या दोन्ही रोगांवर लसच नाही. सर्रा रक्तातल्या परजीवीमुळे होतो आणि मोठ्या चावणाऱ्या माश्या तो पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर असतो. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. घोडा खात असूनही सुकतो. पायांवर आणि पोटाखाली सूज येते. त्यावर औषध आहे, पण रक्त तपासून आणि वजनावर मोजून डॉक्टरने द्यायचं.

ग्लँडर्सच्या दाखल्याचं ऐका. सकाळी रक्त घेतलं आणि दुपारी लॅमिनेट केलेला दाखला हातात दिला. ही तपासणी जागेवर होत नाही. रक्तातला सीरम प्रयोगशाळेत जातो, एलायझा ही रक्तचाचणी होते आणि संशय आला तर हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पक्की खात्री करतात. हा रोग माणसाला होतो आणि 2009 च्या प्राणी संसर्गजन्य रोग कायद्याखाली कळवावाच लागतो. बाधित घोडा मारावा लागतो. म्हणूनच खोटा दाखला मालकाच्याच मानगुटीवर बसतो: जत्रेत किंवा बाजारात नेलेल्या घोड्याची पुन्हा तपासणी झाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. नमुना कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाने गेला, एवढं विचारा. खरा डॉक्टर लगेच सांगतो, कारण त्याला तो क्रमांक स्वतःलाही लागतो.

जंताच्या औषधात फसवणूक वजनाची. आयव्हरमेक्टिनची पेस्ट किलोला 0.2 मिलिग्रॅम या हिशेबाने देतात. 1.87 टक्क्यांची 6 ग्रॅमची नळी साधारण साडेपाचशे किलोच्या घोड्यासाठी असते. म्हणजे आपल्याकडच्या अडीचशे-पावणेतीनशे किलोच्या दोन घोड्यांना एक नळी पुरते. इथे एकाच नळीत चार घोडे उरकले. जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात आणि पुढच्या वर्षी पूर्ण डोसही लागू पडत नाही. काही ठिकाणी गुरांसाठीचं इंजेक्शन घोड्याच्या मानेत टोचलं. ते तर मुळीच करू देऊ नका, त्या जागी मांस सडवणारी सूज येऊ शकते.

वजन काढायला काटा लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून, जिथे खोगिराचा तंग बसतो तिथून छातीचा घेर घ्या. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. घेर 150 आणि लांबी 140 असेल तर 265 किलो. त्याला 53 मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन हवं. आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि औषध देणाऱ्याला आधी तो विचारा. न मोजता डोस सांगणारा माणूस दारातूनच ओळखता येतो.

आता त्या फुकटच्या गोणीकडे वळू, कारण पॅकेजमधली सगळ्यात घातक वस्तू तीच होती. गोणीवर घोड्याचं चित्र, आत मात्र कोंबडीचं खाद्य. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा रोग रोखायला टनाला 100 ते 120 ग्रॅम मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोंबडी ते पचवते. घोड्याला किलोला दोन-तीन मिलिग्रॅम म्हणजे मरणाची मात्रा. हिशेब करा: 265 किलोच्या घोड्याला पाचशे ते आठशे मिलिग्रॅम, आणि असं पाच-सहा किलो खाद्य पोटात गेलं की तेवढं होतं. थोडं खाल्लं तरी हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते आणि वाचलेला घोडा पुढे चढावर ओझं ओढताना कोसळू शकतो. लक्षणं अशी: चंदी सोडतो, घाम फुटतो, पोटशुळासारखा अस्वस्थ होतो, मागचे पाय लटपटतात, नाडी धावते, कधी लघवी गडद होते. उतारा नाही. खाद्य तत्काळ काढून घ्यायचं आणि डॉक्टरला बोलवायचं, एवढंच हातात असतं. गोणीच्या लेबलवर मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, नॅरासिन यांपैकी एकही नाव दिसलं, किंवा घटकांचं लेबलच नसलं, तर गोणी दारातही ठेवू नका. शिलाई उसवून पुन्हा शिवलेली असेल तर त्याच दिवशी परत करा.

वादळासाठी साठवायच्या वैरणीतही असंच. कडबा किंवा वाळलं गवत वजनावर विकताना पाणी मारतात. मोळीच्या पोटात हात घाला. आत गरम, दमट लागलं तर घेऊ नका, आठवड्याभरात बुरशी धरेल, आणि बुरशीची वैरण म्हणजे पोटशूळ नाहीतर खोकला. 265 किलोच्या घोड्याला दिवसाला चार-पाच किलो कोरडी वैरण धरा, म्हणजे आठवड्याला पस्तीस किलोच्या आसपास. पाणी दिवसाला 25 ते 40 लिटर. वीज गेली की पंप बंद, म्हणून घोड्यामागे 200 लिटरचं एक झाकणाचं पिंप भरून ठेवा.

मायक्रोचिपचं सोपं आहे. पंधरा अंकी क्रमांक असतो आणि तो रीडरने वाचता येतो. टोचण्याआधी रीडर सुई-पाकिटावर फिरवायला सांगा, नंतर मानेच्या डाव्या बाजूवर. दोन्ही वेळा तोच क्रमांक यायला हवा. या लोकांकडे रीडरच नव्हता. चिप असो-नसो, इशारा आला की खुरावर पक्क्या रंगाने मोबाइल नंबर लिहा आणि अयाळीत नाव-नंबराची पट्टी गुंफा. नायलॉनची मोरकी काढून सुती किंवा कातडी घाला, म्हणजे कुठे अडकली तर तुटेल. अगाडी-पिछाडी मात्र सोडून टाका. पाय बांधलेला घोडा पाण्यात उभा राहतो आणि तिथेच बुडतो.

काही जणांनी त्याच माणसाकडून ‘वादळरोधक’ शेडही बांधून घेतली. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा सांगितला, निघाला 0.35 चा. सपाट अर्धा मिलिमीटर पोलादी पत्रा चौरस मीटरला जवळपास 3.9 किलो भरतो, 0.35 चा पावणेतीन. तुकडा भंगारवाल्याच्या काट्यावर टाकला की कळतं. आणि पत्रा उडतो तो कडेवरून. वळचणीला आणि आढ्याला एकाआड एक उंचवट्यावर बोल्ट हवा, तिथेच यांनी बोल्ट वाचवले होते. अशा शेडमध्ये घोडा कोंडण्यापेक्षा झाडं आणि तारा नसलेल्या उंच, कुंपणाच्या जागेत मोकळा बरा.

विम्याच्या नावाखाली मिळाली साधी छापील पावती. पॉलिसी क्रमांक कंपनीच्या कार्यालयात फोन करून तपासा, आणि हप्ता रोखीने देऊ नका. बहुतेक पॉलिसींत रोगाने मृत्यू झाल्यास पहिले पंधरा दिवस भरपाई नसते, म्हणून इशारा आल्यावर काढलेला विमा अर्धवटच. एकाने तर ‘सरकारी वादळ भरपाईची आगाऊ नोंदणी’ म्हणून वेगळे पाचशे घेतले. अशी नोंदणी नसते. आपत्ती निधीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत कामाच्या घोड्यामागे 32,000 आणि तट्टू, खेचर, गाढवामागे 20,000 रुपये आहेत. तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकाचं शवविच्छेदन यांशिवाय ते मिळत नाहीत. पंचनाम्याआधी घोडा पुरून टाकलात तर पैसे गेले.

पैसे देऊन बसला असाल तर रिकाम्या सिरिंजा, कार्ड, गोणीचं लेबल आणि मूठभर खाद्य कोरड्या पिशवीत ठेवा. यूपीआयने दिले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकाला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तपासा. तिथे नाव नसेल तर त्याला उपचार करण्याचा अधिकारच नाही आणि पोलिसांतल्या तक्रारीत ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहा. ग्राहक म्हणून तक्रारीला 1915. आणि त्या घोड्यांची धनुर्वाताची लस झालेली नाही असं धरून पशुवैद्यकीय सेवेच्या 1962 वर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन पहिला डोस आजच द्या. दुसऱ्या डोसची तारीख कार्डावर डॉक्टरच्या हातून लिहून घ्या.