टरेटमध्ये माणूस बसवायचा की नाही?

टी-७२ रणगाड्यावरची १२.७ मिमी मशीनगन चालवायची तर कमांडरला हॅच, म्हणजे छतावरचं झाकण, उघडून छातीपर्यंत बाहेर यावं लागतं. टी-९० वर तसलीच गन तो हॅच बंद ठेवून आतून चालवतो. पुतण्याला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं. तो सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या ग्रुपचं प्रोजेक्टवर अडलंय: चिलखती गाडीसाठी माणूस बसेल असा टरेट, म्हणजे गन बसवलेला फिरता बुरुज, करायचा, की आतून रिमोटवर चालणारं वेपन स्टेशन? मॉडेलवर गन लाकडीच असणार, पण विचार खऱ्या गाडीचा करायचाय. आम्ही सातारा जिल्ह्यातले, अपशिंगे मिलिटरीच्या बाजूचे. मी बीएमपी-२ या जवान वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर गनर होतो, म्हणून त्याने मला गाठलं.

बीएमपी-२ आपल्याकडे 'सारथ' नावाने मेदकच्या कारखान्यात बनते. टरेटमध्ये डावीकडे गनर, उजवीकडे कमांडर, मधे ३० मिमी गन आणि तिचे ५०० राउंड. गुडघा हलवायला जागा नसते. सलग फायर झालं की धूर आत कोंडतो, डोळे चुरचुरतात, घशाला कोरड पडते. तरी त्या जागेची मला किंमत आहे. गन अडली तर हात पोचतो. वीज गेली तर हाताने चाक फिरवून टरेट वळवता येतो. आणि हॅच उघडून डोकं वर काढलं की आवाज कुठल्या अंगाने आला ते कानाला लगेच कळतं. स्क्रीनसमोर बसलेल्याला ते कळत नाही.

पण वर काढलेलं डोकं आधी जातं. २००३ नंतर इराकमध्ये अमेरिकेच्या हमवी गाड्यांवरचे गनर असेच उघडे असायचे. त्यामुळे रिमोट स्टेशनांना जोर आला. नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचं प्रोटेक्टर त्यातलंच. छतावर गन, शेजारी दिवसाचा कॅमेरा, उष्णतेवरून दाखवणारा थर्मल कॅमेरा आणि अंतर मोजणारा लेझर रेंजफाइंडर. गाडी उसळली तरी गन निशाण्यावर राहते, आणि गनर आत जॉयस्टिक धरून बसलेला. मशीनगनचं स्टेशन छतावर बोल्टने बसतं, खाली टरेटसोबत फिरणारी, माणसं बसायची टोपली लागत नाही, म्हणून आत जवानांना जागा उरते. जर्मनीच्या पूमा या चिलखती गाडीत तर ३० मिमीचा अख्खा टरेटच बिनमाणसाचा आहे, तिघंही खाली गाडीच्या पोटात बसतात.

आता ज्याने जीव टांगणीला लागतो ते. जुलैत कृष्णाकाठच्या काळ्या रानातून ट्रॅक्टर नेला की काय उडतं ते सांगलीच्या पोरांना सांगायला नको. तोच चिखल लेन्सवर बसला तर आतला गनर आंधळा. मुसळधार पावसात आणि दाट धुक्यात थर्मलची नजरही तोकडी पडते. गोळ्यांचा पट्टा संपला किंवा अडला तर बऱ्याच स्टेशनांवर कुणालातरी बाहेर निघावंच लागतं, म्हणजे ज्याला वाचवायला हे सगळं केलं तोच पुन्हा उघड्यावर. काही स्टेशनं आतूनच भरता येतात. तुलना करताना माझा पहिला प्रश्न हाच असतो. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास टेहळणी करायची तर बॅटरी किती वेळ टिकते, हा दुसरा.

गस्तीची किंवा ताफ्यातली हलकी गाडी, वर एकच मशीनगन: इथे रिमोट स्टेशनच घ्यावं, मला शंका नाही. जवान वाहून नेणारी ३० मिमीची गाडी असेल तर गन आतून भरता येत असेल तरच बिनमाणसाचा टरेट. नाहीतर मी अजूनही धुरात बसायला तयार आहे.

पुतण्याला मी रिमोट स्टेशन घ्यायला सांगितलं. फक्त पहिला महिना मोटर आणि जॉयस्टिकवर घालवू नका म्हटलं. आधी लेन्सवर पाण्याचा फवारा आणि वायपर बसवा, रानातला चिखल फासून बघा. मग हॅच न उघडता गन पुन्हा कॉक करणारी, म्हणजे बोल्ट मागे ओढून फायरला तयार करणारी, यंत्रणा जमवा.