उसाच्या चिपाडाचे पार्सल डबे: सहा महिन्यांनंतर, तक्रार फक्त झाकणाची

५०० मिलीचा गोल डबा, पोळी-भाजी केंद्रात रोजचा वापर. डब्याला नावं ठेवायला जागा नाही. चुलवाणात जळण म्हणून जाणाऱ्या चिपाडाचा लगदा गरम साच्यात दाबून तो बनतो आणि उकळता रस्सा ओतला तरी आकार सोडत नाही.

झाकण मात्र पेटचं, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक. पेट साधारण ७० अंशांपुढे मऊ पडतं आणि रस्सा गॅसवरून उतरतो तेव्हा ९०च्या वर असतो. झाकण मधोमध फुगतं, कड वाकडी होते आणि तर्री पिशवीत. गिऱ्हाईक म्हणतं डबा गळला. डबा गळत नाही, झाकण सुटतं.

जास्तीचे पैसे मोजून प्लॅस्टिक टाळायचं आणि वर प्लॅस्टिकच ठेवायचं, हे पटत नाही. बाटली भंगारवाला आनंदाने नेतो, हे पातळ तेलकट झाकण घेत नाही. 'कंपोस्टेबल' (खत होणारं) म्हणून मिळणारं पारदर्शक पीएलएचं, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचं झाकण तर आणखी नाजूक, ५५ ते ६० अंशांलाच लोळतं. घरच्या खतात ते कुजत नाही, त्याला मोठ्या प्रकल्पातली सलग उष्णता लागते. शिवाय दिसतं हुबेहूब पेटसारखं, त्यामुळे पेटच्या ढिगात गेलं की तो मालही खराब करतं.

अपडेट, दोन महिन्यांनंतर: चिपाडाचंच झाकण मागवलं आणि मत बरंच बदललं. वाफ ते शोषून घेतं, थेंब भाजीवर टपकत नाहीत. सुकी भाजी, पुलाव, घट्ट उसळ यांना याहून चांगलं काही नाही. रश्श्याला मात्र अर्धा-पाऊण तासच, मग डब्याच्या काठावर बसणारी खाच मऊ पडून झाकण सैल होतं. पावसाळ्यात उघडी गड्डी हवेतला ओलावा ओढते, काठ फुगतात आणि झाकण बसेनासं होतं. लागतील तेवढेच नग काढा, बाकीची पिशवी लगेच बांधा.

रस्सा भरताना काठाखाली बोटभर जागा सोडा. पाचेक मिनिटं झाकण तिरकं ठेवून वाफ जाऊ द्या. मग मधोमध न दाबता अंगठ्याने कड फिरवत दाबा. एकावर एक तीनपेक्षा जास्त डबे रचू नका, खालच्याचं झाकण उचकटतं.

खरेदीआधी एक डबा फाडून बघा. आतून पातळ पापुद्रा सुटला तर तो प्लॅस्टिकचा थर आहे, घरच्या खतासाठी तो डबा घेऊ नका. तेल झिरपू नये म्हणून लगद्यात पीएफएएस, म्हणजे निसर्गात सहज न मोडणारी आणि आरोग्याला घातक मानली जाणारी रसायनं घालायची पद्धत होती. अन्नाच्या वेष्टनासाठी त्यांची विक्री अमेरिकेत थांबल्याचं तिथल्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर केलं. आपल्या विक्रेत्याकडून 'पीएफएएस नाही' हे लेखी मागा. तोंडी उत्तरावर ऑर्डर देऊ नका.

खतासाठी डबा खरकटं काढून, स्टिकर-चिकटपट्टी सोलून, दोन बोटं रुंद तुकडे करून रात्रभर भिजवा. हा सुका, कर्बयुक्त माल आहे, नुसता टाकला तर तसाच पडून राहतो. भाजीच्या ओल्या देठांबरोबर थर द्या, आठवड्याला वर-खाली करा. दोन-तीन महिन्यांत तुकडा ओळखू येत नाही. काठाची जाड वळी सर्वांत शेवटी कुजते, ती आधीच बारीक फाडा.

कारखानदारांनी चिपाडाच्या झाकणाची खाच थोडी खोल केली, तर रश्श्यासाठीही प्लॅस्टिकची गरज उरणार नाही. तोवर रस्सा नेणाऱ्याला घरचा स्टीलचा डबा आणायला सांगणं हाच स्वस्त उपाय आहे.