भाड्याची मोनोस्की: कोलोरॅडोतील दोन हंगामांनंतर

पाठीच्या कण्याला झालेल्या इजेमुळे माझ्या कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे हा अभिप्राय बसून स्की करणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे. मोनोस्कीमध्ये, म्हणजे बर्फावरून एकाच स्कीवर बसून घसरायच्या साधनात, बादलीसारखी खोलगट सीट धातूच्या सांगाड्यावर बसवलेली असते, खाली शॉक अब्सॉर्बर असतो आणि सांगाड्याचा तळ बुटाच्या तळव्यासारखा असल्याने तो नेहमीच्या स्कीच्या बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट पकडून ठेवणाऱ्या खाचेत, अडकतो. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे टोकाला छोटी स्की लावलेल्या कुबड्या असतात. पॅरालिम्पिकमध्ये बसून करायच्या स्कीला १९८८ मध्ये इन्सब्रुक येथे स्थान मिळाले.

माझी सगळी तक्रार आणि सगळे कौतुक सीटविषयीच आहे. पहिल्या हंगामात एका केंद्राने दिलेली सीट मला दोन बोटे जास्त रुंद होती. मी डावीकडे झुकलो की सीटच्या आत मीच सरकायचो आणि स्की सरळच जायची, आणि दिवसभर मला वाटत राहिले की चूक माझ्या तंत्राची आहे. दुसऱ्या हंगामात कोलोरॅडोतल्याच विंटर पार्क या स्की केंद्रात गेलो, जिथे १९७० मध्ये डेन्व्हरच्या रुग्णालयातील हात-पाय गमावलेल्या मुलांना स्की शिकवण्यापासून अपंगांसाठीच्या तिथल्या कामाची सुरुवात झाली. तिथल्या प्रशिक्षिकेने पाऊण तास खर्चून फोमच्या पट्ट्यांनी कमरेभोवतीची प्रत्येक फट भरली, मांड्यांवरचे पट्टे आवळले आणि माझ्या वजनाप्रमाणे शॉक अब्सॉर्बरही जुळवून दिला. त्यानंतर खांद्याची जराशी हालचालही थेट स्कीच्या कडेपर्यंत पोहोचू लागली. वळण घेणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

चेअरलिफ्टवर, म्हणजे उतारावर वर नेणाऱ्या तारेवरच्या खुर्चीवर, बसताना एक दांडा ओढून सीट उंच करावी लागते. तो दांडा घट्ट असेल तर रांगेत धांदल उडते, म्हणून सपाटीवरच चारदा सराव करून घ्यावा. धडावर पुरेसे नियंत्रण नसेल तर मोनोस्कीचा हट्ट धरू नये. दोन स्कींची, प्रशिक्षकाने मागून दोरीने धरलेली बायस्की अधिक सुरक्षित ठरते.

स्वतःची मोनोस्की काही हजार डॉलरना पडते, म्हणून किमान दोन हंगाम भाड्याचीच वापरावी असे माझे मत आहे. आरक्षण करताना वजन आणि उंची तर विचारतातच, पण नितंबांची रुंदी आपणहून कळवावी. संवेदना नसलेल्यांनी दर तासाभराने आत येऊन पायांची बोटे आणि बैठकीची त्वचा दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावी, कारण गारठा आणि दाब या दोहोंची जाणीव आपल्याला होत नाही.