दहा हजारांच्या आतली इलेक्ट्रिक गिटार: भुसावळात वर्षभर वापरून आणि खोलून

गिटार स्ट्रॅटोकास्टर घाटणीची आहे. म्हणजे फेंडरने 1954 साली बाजारात आणलेल्या गिटारीची नक्कल: तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे चुंबकी भाग), साडेपंचवीस इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी). पाच जागांचा स्विच मात्र नंतरचा, मूळ गिटारीत तो तीन जागांचा होता. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या बहुतेक गिटारी एकाच माळेचे मणी आहेत, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्या गिटारीलाही लागू पडेल. बॉडी, रंग, नेकचं लाकूड, कशाबद्दलच तक्रार नाही. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहून गेलाय, आणि तो आपल्यालाच फिरवावा लागतो.

यूट्यूबवर जो तो आधी पिकअप बदलायला सांगतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणाऱ्या मित्राने माझी गिटार हातात घेतली, एक F कॉर्ड धरली आणि म्हणाला, "पिकअप राहू दे भो, पहिले नट पाह्य." शंभर टक्के बरोबर. नट म्हणजे नेकच्या (गिटारीच्या दांड्याच्या) टोकाची पट्टी, तिच्या खाचांतून तारा जातात. स्वस्त गिटारीत या खाचा वर ठेवलेल्या असतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार दाबायला जोर लागतो, शिवाय तार ताणली जाऊन सूर चढा लागतो. ओपन कॉर्ड कितीही ट्यून करा, बेसूरच. नवशिक्या पोरांना वाटतं आपल्याच बोटात दम नाही. तपासायची सोपी रीत: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते बघा. केसाएवढीच हवी. माझ्या गिटारीत चांगली ऐसपैस होती.

खास नट फाइलींचा सेट गिटारीच्या मानाने फारच महाग पडतो. गॅस वेल्डिंगवाले नोझल साफ करायला बारीक काट्यांचा एक जुडगा वापरतात, तो हार्डवेअरच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. काटे वेगवेगळ्या जाडीचे असतात. तारेपेक्षा किंचित जाड काटा निवडायचा, खाच हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या बाजूला) उतरती ठेवायची आणि दोन-चार घासे मारले की तार लावून बघायची. खोल गेली की परत वर येत नाही, म्हणून घाई नको. ट्यून करताना तार "टिंग" करून उडी मारत असेल तर खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. पुढे मी हाडाचा नट बसवला, पण खरा फरक खाचांनीच पडला होता.

आता उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि हवा पार कोरडी होते. फिंगरबोर्डचं (नेकच्या ज्या बाजूवर बोटं दाबतो तिचं) लाकूड आडवं आकसतं, धातूच्या फ्रेट मात्र तेवढ्याच राहतात, म्हणून त्यांची टोकं कडेने बाहेर येतात. नेकवरून हात सरकवला की करवतीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. लाकडाला मास्किंग टेप लावून बारीक कानशीने टोकं तिरकी घासली, मग 600 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला. एका दुपारचं काम. हे भर उन्हाळ्यातच करा; लाकूड तेव्हा सगळ्यात आकसलेलं असतं, त्यामुळे पुन्हा टोकं निघायची भीती उरत नाही.

नेकही ऋतूप्रमाणे चालतो. उन्हाळ्यात माझा नेक सरळ झाला आणि नटजवळच्या फ्रेटवर तारा खडखडू लागल्या. पावसाळ्यात बाक वाढून तारा उंच गेल्या. पहिली आणि शेवटची फ्रेट एकदम दाबून आठव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की बाक ठीक समजायचा. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळई) एका वेळी पाव फेराच फिरवायचा, मग गिटार रात्रभर तशीच ठेवायची. बाराव्या फ्रेटवर जाड्या तारेखाली 2 मिमी आणि बारीक तारेखाली दीड मिमीच्या आसपास उंची मला मानवली.

गुणगुणीचा त्रास मात्र वर्षभर. आतली पोकळी तांब्याच्या टेपने मढवली, टेपच्या तुकड्यांच्या जोडांवर सोल्डरचा थेंब दिला, सगळं ग्राउंडला जोडलं आणि मल्टिमीटर सगळीकडे "बीप" करतो ना ते पाहिलं. ट्यूबलाइट आणि चार्जरची चरचर बरीच गेली. अँपच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) ट्रान्सफॉर्मरजवळ बसल्यावरची 50 हर्ट्झची गुणगुण टेपने जात नाही, ती चुंबकीय असते. मधला पिकअप उलट्या वाइंडिंगचा आणि उलट्या चुंबकाचा असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ती गप्प होते. माझा सुदैवाने तसा निघाला. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणं ठीकच आहे. पण हाताला झिणझिण्या आल्या तर वाजवणं थांबवा आणि घराचं अर्थिंग तपासून घ्या.

पिकअप शेवटी बदलला, तोही फक्त ब्रिजचा (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथला), अल्निको 5 या मिश्रधातूच्या चुंबकाचा. आधीच्यात खाली सिरॅमिक चुंबक होता, आवाज कानात टोचायचा. खरं तर स्क्रूने पिकअप थोडे खाली उतरवल्यावरच निम्मं टोचणं गेलं होतं, तेही फुकटात. दुसरी फुकट सुधारणा: जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोन कंट्रोलच नसतो. स्विचवर एक छोटी वायर जोडली की खालचा टोन नॉब त्यालाही लागू होतो. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) जळगावच्या गोलाणी मार्केटातून आणला, 250 किलो-ओहमचा, A मार्कचा. जुना B चा होता, त्याने आवाज एकसारखा उतरत नव्हता.

ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर हलवणाऱ्या ब्रिजच्या) नादी लागलो नाही. सुताराकडून सागवानाचा तुकडा घेऊन मागच्या ठोकळ्यामागे घट्ट बसवला, विषय संपला. ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) मूळचेच आहेत, नट सुधारल्यापासून त्यांच्याबद्दल कुरकुर नाही.

एकूण खर्च गिटारीच्या निम्म्या किमतीपर्यंत गेला, त्यातही मोठा वाटा पिकअपचा. हा पैसा विकताना परत येत नाही. सेकंडहँड घेणारा मॉडेलचं नाव बघून भाव करतो. म्हणून काढलेला पिकअप, पॉट आणि नट एका डब्यात जपून ठेवलेत. विकायची वेळ आलीच तर गिटार मूळ रूपात देईन आणि नवा पिकअप पुढच्या गिटारीला लावीन.